मते मोजायची की राज्ये?

२०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वाधिक मते कोणत्या राज्यात मिळाली, हा प्रश्न मी राजकारणाची जाण असलेल्या अनेकांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांचे उत्तर टेक्सास असते, काहींचे फ्लोरिडा. खरे उत्तर कॅलिफोर्निया हे आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचा अभेद्य गड मानल्या जाणाऱ्या या राज्यात ६० लाखांहून अधिक मतदारांनी ट्रम्प यांना मत दिले. टेक्सासमधला त्यांचा आकडा ५९ लाखांच्या आसपास होता. त्याच निवडणुकीत जो बायडेन यांना टेक्सासमध्ये ५२ लाखांहून अधिक मते पडली. या दोन्ही राज्यांतल्या मिळून एक कोटी बारा लाख मतदारांच्या पदरात निकालाच्या दृष्टीने काय पडले? काहीही नाही. कॅलिफोर्नियाचे सर्व ५५ निर्वाचक बायडेन यांच्याकडे गेले आणि टेक्सासचे सर्व ३८ ट्रम्प यांच्याकडे. हे मतदार त्या दिवशी घरी बसून राहिले असते, तरी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निकालात तसूभर फरक पडला नसता.

लोकशाहीच्या नावाने जगाला धडे देणाऱ्या देशाची ही रीत आहे. इलेक्टोरल कॉलेजची रचना वाचकांना ठाऊक असल्याने थोडक्यात सांगतो. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहात जितक्या जागा, त्यात सिनेटच्या दोन मिळवून तितके निर्वाचक, राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने दिलेले तीन, एकूण ५३८. बहुमताचा आकडा २७०. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला सगळे निर्वाचक. सारी मेख या शेवटच्या वाक्यात आहे आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाल्याचे प्रसंग पाच: १८२४, १८७६, १८८८, २०००, २०१६. त्यांपैकी दोन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे आणि आतले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २००० मध्ये अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मते अधिक होती. फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने ते हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी २८ लाखांहून मोठी होती. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी ती निष्फळ ठरवली. परंतु मला या घडलेल्या अपघातांपेक्षा टळलेले अपघात अधिक बोलके वाटतात. २००४ मध्ये बुश देशभरात तब्बल ३० लाख मतांनी पुढे होते, आणि तरीही ओहायोतली सुमारे सव्वा लाख मतांची आघाडी गेली असती तर जॉन केरी अध्यक्ष झाले असते. २०२० मध्ये बायडेन यांची आघाडी ७० लाखांची होती. ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन येथील एकत्रित सुमारे ४३ हजार मतांची आघाडी नसती, तर सामना २६९-२६९ असा बरोबरीत सुटला असता. अशा बरोबरीत निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक, सहा लाखांना न पोहोचणाऱ्या वायोमिंगलाही एक.

२०२४ मध्ये ट्रम्प यांनी ३१२ निर्वाचकही मिळवले आणि देशभरातल्या एकूण मतांतही सुमारे दीड टक्क्याने आघाडी घेतली. दोन्ही मोजपट्ट्यांनी एकच उत्तर दिले आणि सुधारणेची चर्चा जणू संपली. गरज सरो, वैद्य मरो. जे डेमोक्रॅट २०१६ नंतर रस्त्यावर उतरले होते त्यांना आता इतर चिंता आहेत. आणि ज्या ट्रम्प यांनी २०१२ च्या निवडणुकीच्या रात्री या पद्धतीला लोकशाहीवरची आपत्ती म्हटले होते, त्यांना चार वर्षांनी तीच फळली. वास्तविक नियम बदलण्याची चर्चा करण्यास याहून योग्य वेळ नाही, कारण पराभूत पक्षाला आज त्या नियमावर खापर फोडता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्यांचा अमेरिकेतला इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही.

या पद्धतीच्या जन्माविषयी शाळेत सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या घटनाकारांना झुंडशाहीची भीती होती, म्हणून त्यांनी मतदार आणि अध्यक्ष यांच्यामध्ये सुज्ञांची एक चाळणी बसवली. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तसे लिहिलेही. परंतु ही चाळणी पहिल्या काही निवडणुकांतच निकामी झाली. निर्वाचक हे पक्षाचे पोस्टमन बनले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्यांना त्यांच्यावर तसे बंधन घालण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. गोष्टीतला दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी थेट निवडणुकीची कल्पना मांडली होती. १९ जुलै १७८७ रोजी जेम्स मॅडिसन यांनी थेट निवडणुकीची तात्त्विक योग्यता मान्य करूनही तिच्यातली अडचण स्पष्ट शब्दांत मांडली: मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला आहे, आणि दक्षिणेला आपल्या गुलामांच्या संख्येचा अशा निवडणुकीत काही उपयोग होणार नाही. निर्वाचकांच्या पद्धतीत तो उपयोग होत होता. गुलामांना मत नव्हते, परंतु राज्याची लोकसंख्या मोजताना प्रत्येक गुलाम तीन पंचमांश धरला जाई, आणि त्या हिशेबाने राज्याचे प्रतिनिधी व निर्वाचक ठरत. १८०४ मध्ये व्हर्जिनियाला २४ निर्वाचक होते आणि पेनसिल्व्हेनियाला २०, जरी मुक्त नागरिक पेनसिल्व्हेनियातच अधिक होते. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियाकडे राहिले, त्याचे श्रेय केवळ तेथील मातीला देणे कठीण आहे.

गुलामगिरी गेली, तरी हिशेब गेला नाही. उलट अधिक फायद्याचा झाला. यादवी युद्धानंतर काळे नागरिक पूर्ण एक म्हणून मोजले जाऊ लागले. पण १८७७ नंतर दक्षिणेने मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या बळावर त्यांचा मताधिकार हिरावून घेतला. म्हणजे तीन पंचमांशाच्या जागी पाच पंचमांश लोकसंख्येचे वजन, आणि ते वापरणारे हात फक्त गोऱ्यांचे. निर्वाचकांची संख्या लोकसंख्येवर ठरते, झालेल्या मतदानावर नाही. त्यामुळे आपल्या अर्ध्या जनतेला मतदान केंद्रापर्यंत पोहोचू न देणाऱ्या राज्याला कसलीच किंमत मोजावी लागत नाही. देशभरातली मते थेट मोजली असती, तर दक्षिणेच्या प्रत्येक राज्याला आपले वजन टिकवण्यासाठी तरी अधिकाधिक लोकांना मतदान करू द्यावे लागले असते. मला विचाराल तर या पद्धतीविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद हा आहे, आणि तोच सर्वांत कमी ऐकू येतो.

नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद लहान राज्यांविषयीचा असतो. वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार रहिवाशांमागे एक निर्वाचक, कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे एक. जवळजवळ चौपट तफावत. समर्थक म्हणतात, लहान राज्यांना संरक्षण हवे. टीकाकार म्हणतात, हा अन्याय आहे. दोघेही एका दुय्यम गोष्टीवर भांडत आहेत असे मला वाटते. २०१६ चा हिशेब पुन्हा मांडून पाहा. प्रत्येक राज्याचे सिनेटपोटी मिळालेले दोन निर्वाचक वजा केले, तर ट्रम्प यांचे ३०६ चे २४६ होतात आणि क्लिंटन यांचे २३२ चे १९०. निकाल तोच. २००० मध्ये मात्र हीच वजाबाकी गोर यांना २२५ विरुद्ध २११ असे जिंकवते. म्हणजे लहान राज्यांची बढत कधी परिणाम करते, कधी नाही. शिवाय लहान राज्ये एका पक्षाची नाहीत: वायोमिंग व दोन्ही डाकोटा रिपब्लिकन, तर व्हरमाँट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड डेमोक्रॅटिक. आणि यांपैकी एकाही राज्यात उमेदवार निवडणुकीच्या शेवटच्या महिन्यांत सहसा फिरकत नाही. ज्यांच्या संरक्षणासाठी ही पद्धत असल्याचे सांगितले जाते, त्यांना कोणी विचारतही नाही.

ज्यांना विचारले जाते ती राज्ये वेगळीच. २०२४ मध्ये ती सात होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा. ही लहान नाहीत, विशेष मोठीही नाहीत. तेथे दोन्ही पक्ष जवळपास तुल्यबळ आहेत, एवढेच त्यांचे पुण्य. ही सात राज्ये घडवली ती राज्यघटनेने नव्हे. विजेत्याला सर्व निर्वाचक देण्याचा नियम घटनेत कुठेही नाही. निर्वाचक कसे निवडायचे हे घटना राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवते. १७९६ मध्ये व्हर्जिनियात जिल्हावार पद्धत होती आणि तेथील एक निर्वाचक जॉन ॲडम्स यांना मिळाला. ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ असे जिंकले. पुढल्या निवडणुकीपूर्वी, १८०० च्या जानेवारीत, थॉमस जेफरसन यांच्या समर्थकांनी व्हर्जिनियाचा कायदा बदलून सर्व निर्वाचक विजेत्याला देण्याची तरतूद केली. इतर राज्ये तसे करत असताना आपणच न करणे हा मूर्खपणा होईल, असे जेफरसन यांचे मत होते. ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सनेही प्रत्युत्तरादाखल आपला नियम बदलला. १८३६ पर्यंत ही लागण जवळपास सर्व राज्यांत पसरली होती.

सव्वादोनशे वर्षांनंतर, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, मतदान दोन महिन्यांवर आले असताना नेब्रास्कात नेमका तोच डाव मांडला गेला. ओमाहा शहराच्या मतदारसंघातला एक निर्वाचक कमला हॅरिस यांना मिळू नये म्हणून राज्याचा नियम ऐनवेळी बदलण्याचा प्रयत्न रिपब्लिकन नेत्यांनी केला. एका रिपब्लिकन राज्य सिनेटरनेच नकार दिल्यामुळे तो फसला. नेब्रास्काने बदल केला तर आपणही करू, असा इशारा डेमोक्रॅटिक वर्चस्वाच्या मेन राज्यातून आधीच आलेला होता. नियम न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न १८०० मध्ये कोणी विचारला नाही आणि २०२४ मध्येही नाही.

हा केवळ मतमोजणीचा विषय असता तर भारतीय वाचकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. परंतु सात राज्यांच्या मर्जीचे परिणाम जगाला भोगावे लागतात. २००२ च्या मार्चमध्ये बुश यांनी पोलाद आयातीवर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या त्यांच्याच पक्षाला ते पटणारे नव्हते, पण पोलादाचे कारखाने ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात होते. जागतिक व्यापार संघटनेत हार झाल्यावर डिसेंबर २००३ मध्ये ते मागे घ्यावे लागले. २०२४ मध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलने यूएस स्टील विकत घेण्यास बायडेन यांचाही विरोध होता आणि ट्रम्प यांचाही. कंपनीचे मुख्यालय पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला आहे. निवडणूक आटोपल्यावर, जून २०२५ मध्ये, ट्रम्प प्रशासनानेच अटींसह त्या व्यवहाराला मान्यता दिली. फ्लोरिडा दोलायमान होते तोवर क्युबाविषयी अमेरिकेचे धोरण मायामीतल्या क्युबन निर्वासितांना विचारल्याशिवाय हलत नसे. अमेरिकेतील भारतीय वंशाचे मतदार सर्वाधिक आहेत ते कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूजर्सी, न्यूयॉर्क आणि इलिनॉय येथे. त्यात न्यूजर्सी आणि कॅलिफोर्नियातले मराठी कुटुंबांचे मोठे समूहही आले. ही पाचही राज्ये आज ठरल्यासारखी आहेत. हा समाज देणग्या देतो, प्रचारात राबतो, कमला हॅरिस किंवा उषा व्हान्स यांच्या नावांवर वाद घालतो. अध्यक्षीय निवडणुकीतल्या त्याच्या मताला मात्र, तो कुठे राहतो एवढ्याच कारणाने, काही मोल उरत नाही.

तरीही इलेक्टोरल कॉलेजच्या बाजूने एक गंभीर मुद्दा आहे आणि टीकाकार तो टाळतात. अमेरिकेत आपल्यासारखा राष्ट्रीय निवडणूक आयोग नाही. अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे पन्नास राज्ये आणि राजधानी यांच्या ५१ स्वतंत्र निवडणुका. मतदार नोंदणी, ओळखपत्र, टपाली मते, फेरमोजणी यांचे नियम प्रत्येकाचे निराळे. ज्याला आपण देशभरातली एकूण मते म्हणतो, ती या भिन्न मापांनी मोजलेल्या आकड्यांची बेरीज आहे. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्यातला अधिकृत फरक सव्वा लाखाच्याही आतला होता आणि ॲलाबामातल्या गोंधळामुळे तेथील मते कोणाच्या खात्यात किती धरायची यावर अभ्यासक अजून वाद घालतात. इतक्या चुरशीत देशभरातली मते निर्णायक असती तर फेरमोजणी एका फ्लोरिडापुरती न राहता ५१ ठिकाणी करावी लागली असती. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर चालून गेलेला जमाव पाहिल्यावर, अशी फेरमोजणी शांततेने पार पडेल असे कोण म्हणेल? मला हा आक्षेप खरा वाटतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे जुनीच पद्धत ठेवावी, मला पटत नाही. प्रत्येक नागरिकाचे मत सारख्या नियमांनी मोजणारी यंत्रणा उभारता न येणे, ही कमतरता त्या देशाने दुरुस्त करायची आहे. नव्वद कोटींहून अधिक मतदारांच्या निवडणुका भारत एका आयोगाच्या देखरेखीखाली घेतो. त्या आयोगावर आज कितीही टीका होत असली, आणि त्यातली बरीच रास्त असली, तरी ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही एवढे त्यातून नक्की दिसते.

सुधारणा एकदा अगदी हातातोंडाशी आली होती. १९६८ मध्ये वर्णद्वेषी जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतली पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक जिंकल्यावर दोन्ही पक्ष हादरले. कोणालाच बहुमत मिळाले नसते तर सौदेबाजी वॉलेस यांच्या अटींवर झाली असती. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. अध्यक्ष निक्सन यांनी पाठिंबा दिला. सिनेटमध्ये बर्च बे यांनी ती लावून धरली. तेथे स्ट्रॉम थर्मंड, सॅम अर्विन, जेम्स ईस्टलँड या दाक्षिणात्य सिनेटरांनी चर्चा लांबवत ठेवून ती रोखून धरली. सप्टेंबर १९७० मध्ये चर्चा थांबवण्याचा ठराव ५४ विरुद्ध ३६ असा, दोन तृतीयांशाला कमी पडून, फसला. दहा वर्षांच्या आत, १९७९ मध्ये, बे यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि तो ५१-४८ वर अडला. या वेळी विरोधकांत काळ्या समाजाच्या संघटनांचे काही नेतेही होते. उत्तरेतल्या मोठ्या, चुरशीच्या राज्यांत आपली शहरी मते निर्णायक ठरतात आणि थेट मोजणीत ते वजन जाईल, असे त्यांचे गणित होते. ज्या पद्धतीने त्यांच्या पूर्वजांना तीन पंचमांश ठरवले तिचेच हे रक्षण! मी त्यांना दोष देणार नाही. हाती असलेले थोडे वजन कोणी तत्त्वासाठी सोडावे, ही अपेक्षा सोपी असते ती दुसऱ्याकडून.

आता घटनादुरुस्ती म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्ये. आजच्या दुभंगलेल्या अमेरिकेत ती होणार नाही. म्हणून २००६ पासून एक वळसा शोधला गेला आहे: राज्यांनी आपसांत करार करायचा, की एकत्रित २७० निर्वाचकांची राज्ये सामील झाली की आम्ही सर्व आमचे निर्वाचक देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला देऊ. २०२४ मध्ये मेन सामील झाले तेव्हा १७ राज्ये व राजधानी मिळून २०९ पर्यंत मजल गेली होती. ती सर्व डेमोक्रॅटिक कलाची आहेत. मला या कराराविषयी मनापासून उत्साह वाटत नाही. कल्पना करा, कॅलिफोर्नियाने साठ टक्के मते एका उमेदवाराला दिली आणि करारानुसार तेथील निर्वाचक दुसऱ्याकडे गेले. त्या रात्री सॅक्रामेंटोचे विधिमंडळ करारातून बाहेर पडण्याचा मोह आवरेल का? फक्त एका पक्षाने स्वीकारलेला नियम हा नियम नसतो, डाव असतो. प्यूच्या २०२४ च्या पाहणीत सहा दशांशांहून अधिक अमेरिकी नागरिकांनी थेट मतांच्या बाजूने कौल दिला, पण रिपब्लिकन मतदारांचे बहुमत त्यात नव्हते. ते आल्याशिवाय हा बदल टिकाऊ होणार नाही.

अमेरिकेला हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे हे बरे. २०१८ मध्ये मध्य प्रदेशात भाजपला ४१.०२ टक्के मते आणि १०९ जागा होत्या, काँग्रेसला ४०.८९ टक्के मते आणि ११४ जागा. कमलनाथ मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी कर्नाटकात काँग्रेसची मते भाजपपेक्षा सुमारे पावणेदोन टक्क्यांनी जास्त असून सर्वांत मोठा पक्ष भाजप ठरला. २०२४ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाला भाजपपेक्षा किंचित जास्त मते पडली आणि नवीन पटनायक यांची २४ वर्षांची सत्ता गेली. १९९९ च्या लोकसभेत काँग्रेसची मते २८ टक्क्यांवर आणि भाजपची २४ टक्क्यांच्या आत होती, तरी वाजपेयी पंतप्रधान झाले. भाजपने मित्रपक्षांसाठी अनेक जागा सोडल्या होत्या हे खरे, पण आकडे आकडेच. आपल्याकडे या निकालांवरून कोणी रस्त्यावर उतरले नाही. त्याचे कारण मला असे दिसते, की संसदीय पद्धतीत मतदार सभागृह निवडतो, आणि सभागृहाला आपला नेता रोज सांभाळावा वा बदलावा लागतो. कमलनाथ यांचे सरकार सव्वा वर्षात पडले ते सभागृहातले बहुमत गेल्यामुळेच. एकाच व्यक्तीच्या पदात वाटणी नसते, मुदतीआधी सुटकाही जवळपास नसते. तेथे ज्याला अधिक मते तो, यापलीकडचे कोणतेही उत्तर पराभूताच्या गळी उतरत नाही.

अध्यक्षीय पद्धत भारतात आणावी अशी मागणी अधूनमधून उठते. ऐंशीच्या दशकात वसंत साठे यांनी ती हिरिरीने मांडली. आज शशी थरूर मांडतात. दोघांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. पण तिचे समर्थक ज्या प्रश्नाला बगल देतात तो हाच आहे. अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांनी निवडायचा, तर चेन्नई आणि कोचीचा माणूस विचारेल की उत्तर प्रदेश व बिहारची बेरीज झाल्यावर आमच्यासाठी उरले काय. राज्यांना वजन देऊन निवडायचा, तर लखनौचा माणूस विचारेल की माझे मत त्याच्यापेक्षा हलके का. घटना समितीपुढे हा पेच होता. जुलै १९४७ मध्ये नेहरूंनी राष्ट्रपतींच्या थेट निवडणुकीला विरोध करताना सांगितले होते, की प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या माणसाला खरी सत्ता न देणे विसंगत ठरेल आणि खरी सत्ता आपल्याला मंत्रिमंडळाकडे ठेवायची आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी पद्धत अधिक स्थैर्य देते हे मान्य करून उत्तरदायित्वाच्या बाजूने कौल दिला. राष्ट्रपतींसाठी आपणही निर्वाचक मंडळच ठेवले, परंतु पसंतीक्रमाच्या मतदानाने आणि लोकसंख्येच्या प्रमाणात. एका राज्याचे सर्व आमदार एकाच उमेदवाराच्या पारड्यात आपोआप टाकण्याचा अमेरिकी दोष त्यात शिरू दिला नाही.

परंतु अमेरिकेतला दुसरा दोष आपल्याकडे हळूहळू मुरत चालला आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पंचवीस वर्षांसाठी आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. २०११ च्या आकड्यांनी राजस्थानात एका खासदारामागे सव्वासत्तावीस लाखांहून अधिक लोक येतात, केरळात पावणेसतरा लाख. लक्षद्वीपसारखे अपवाद सोडले, तर ही तफावत अजून वायोमिंग-कॅलिफोर्नियाच्या जवळपासही नाही. पण दिशा तीच आहे. दक्षिणेची तक्रार अशी, की कुटुंबनियोजनाचे राष्ट्रीय धोरण आम्ही पाळले त्याची शिक्षा आम्हाला का. उत्तरेची अशी, की आमच्या नागरिकाचे मत किती पिढ्या कमी वजनाचे राहायचे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. माझे मत विचाराल तर लोकसभा ही अखेरीस माणसे मोजणारी सभा असली पाहिजे आणि राज्यांचे वजन राज्यसभेत वाढले पाहिजे. तेथे उत्तर प्रदेशला ३१ आणि केरळला ९ जागा, म्हणजे राज्यांचे म्हणवणारे सभागृहही पुन्हा लोकसंख्याच मोजते. या देवाणघेवाणीची बोलणी जनगणनेचे आकडे हाती येण्याआधी व्हायला हवीत. एकदा कोणाच्या किती जागा वाढणार हे शेवटच्या अंकापर्यंत कळले, की लखनौ आणि चेन्नई दोन्हीकडे नेब्रास्का होईल.

लोकसभेइतकी चर्चा ज्याची होत नाही असा एक तपशील यात आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्यही १९७१ च्याच लोकसंख्येवर ठरते आणि तेही त्याच जनगणनेपर्यंत गोठवलेले आहे. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८ चे, तमिळनाडूचे १७६ चे, महाराष्ट्राचे १७५ चे, केरळचे १५२ चे. २०११ ची लोकसंख्या लावली तर उत्तर प्रदेशचे ४९६ होते आणि केरळचे २३९. म्हणजे आज एकास सव्वापटीहून थोडे जास्त असलेले प्रमाण एकास दोनच्याही पुढे जाते. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. द्रौपदी मुर्मू यांची मुदत त्याच वर्षी जुलैत संपते. तोपर्यंत नवे आकडे प्रसिद्ध होण्याची शक्यता फार कमी असल्याने प्रजासत्ताकाच्या प्रमुखाची पुढची निवड बहुधा ५६ वर्षांपूर्वी मोजलेल्या भारताच्या हिशेबाने होईल.